दोन्ही हातांत तलवार

अ‍ॅक्शन रोल-प्लेइंग गेममध्ये पात्राच्या दोन हातांत काय धरायचे, याचा निर्णय फार लवकर घ्यावा लागतो. उजव्या हातात तलवार आणि डाव्या हातात ढाल हा सर्वांत सुरक्षित मार्ग. एकच अवजड शस्त्र दोन्ही हातांनी पेलणे हा दुसरा. तिसरा मार्ग म्हणजे ढाल टाकून द्यायची आणि डाव्या हातातही शस्त्रच घ्यायचे. खेळणारी मंडळी याला ‘डुअल वील्डिंग’ म्हणतात. पडद्यावर हा प्रकार सर्वांत देखणा दिसतो. गेमच्या जाहिरातीतल्या योद्ध्याच्या दोन्ही हातांत पाती चमकत असली, की पोस्टर आपोआप उठून दिसते.

नवख्या खेळाडूची समजूत अशी असते, की दोन शस्त्रे म्हणजे दुप्पट मारा. तसे खरोखर असते, तर ढालीला कुणी हात लावला नसता आणि गेम बनवणाऱ्यांना बाकीची शस्त्रे घडवण्याचे कारणच उरले नसते. म्हणून दुसऱ्या शस्त्राची किंमत प्रत्येक गेम कुठल्या ना कुठल्या रूपात वसूल करतो. कुठे नेम बिघडतो, कुठे दम लवकर संपतो, कुठे बचाव जातो, तर कुठे पात्राला जास्त ताकद कमवावी लागते. कोणता गेम काय देतो आणि त्याबदल्यात काय घेतो, हे कळले की या लढाईतले बहुतेक गूढ उकलते.

प्रत्यक्ष युद्धविद्येत दोन शस्त्रांची लढाई होतीच. जपानचा मियामोतो मुसाशी हा तलवारबाज १६४५ मध्ये वारला. त्याच्या ‘नितेन इचि-र्यू’ या परंपरेत एका हातात लांब आणि दुसऱ्या हातात आखूड तलवार धरून लढायला शिकवतात. सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या युरोपात रेपिअर ही लांब, टोकदार तलवार उजव्या हातात आणि खंजीर डाव्या हातात घेण्याची पद्धत रुजली होती. महाराष्ट्रात दांडपट्टा आहे. कोल्हापूरकडच्या मर्दानी खेळांत दोन्ही हातांत पट्टे घेऊन ते फिरवणारे खेळाडू आजही पाहायला मिळतात, आणि पन्हाळ्यावरचा बाजीप्रभूंचा पुतळाही दोन्ही हातांत शस्त्र घेतलेलाच आहे. पट्ट्याच्या मुठीला जोडलेले लोखंडी आवरण कोपरापर्यंतचा हात झाकते. त्यामुळे मनगट वळत नाही, आणि वार खांद्यातून व सबंध अंगाच्या फिरकीतून करावा लागतो.

या साऱ्यांत डाव्या हाताचे काम नीट पाहण्यासारखे आहे. रेपिअरवाल्याचा खंजीर मुख्यतः समोरच्याचे पाते अडवण्यासाठी असे. संधी मिळाली तर तो भोसकायचाही, पण आधी बचाव. व्हिडिओ गेमने नेमके हेच उलटे केले. बहुतेक गेममध्ये डाव्या हातातले शस्त्र मारण्यासाठीच असते आणि ते हातात आले की अडवण्याची सोय जाते. इतिहासाचा काटेकोर अभ्यासक यावर नाक मुरडेल, पण गेमच्या दृष्टीने ही उलटापालट शहाणपणाची आहे. बचाव आणि मारा दोन्ही एकदम मिळाले, तर खेळाडूला निवड करण्यासारखे काही राहतच नाही.

या कल्पनेची गेममधली मुळे संगणकाच्या आधीच्या काळात सापडतात. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून, फासे टाकून खेळायचा खेळ १९७४ चा. त्याच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत दोन शस्त्रे घेणाऱ्या पात्राला दंड होता. मुख्य हाताच्या वारासाठी टाकलेल्या फाशातून २ वजा होत आणि दुसऱ्या हाताच्या वारासाठी ४. फासा वीस बाजूंचा असल्याने प्रत्येक आकड्याची किंमत पाच टक्के. म्हणजे उजव्या हाताचा नेम १० टक्क्यांनी ढळायचा आणि डाव्याचा २० टक्क्यांनी. जंगलात वावरणारा ‘रेंजर’ मात्र हलके चिलखत घालून असेल, तर या दंडातून सुटायचा. त्याच सुमारास, १९८८ मध्ये, आर. ए. साल्वाटोर यांच्या ‘द क्रिस्टल शार्ड’ या कादंबरीतून ड्रिझ्ट हा दोन वक्र तलवारी चालवणारा रेंजर वाचकांसमोर आला आणि अफाट लोकप्रिय झाला. कल्पनाविश्वातल्या गेममध्ये दोन तलवारींचा चपळ योद्धा हा एक ठरीव नमुना बनला, त्यात या पात्राचा वाटा मोठा आहे.

संगणकावर हे नियम जसेच्या तसे लगेच आले नाहीत. ‘बाल्डर्स गेट’ या १९९८ च्या गेममध्ये दोन शस्त्रे घेताच येत नव्हती. ती सोय २००० मधल्या दुसऱ्या भागात आली आणि दंड कमी करणारे वेगळे कौशल्यही सोबत आले. त्याच वर्षी आलेल्या ‘डायब्लो २’ मध्ये बार्बेरियन हा धिप्पाड रानटी योद्धा दोन्ही हातांत शस्त्रे घेऊ शकत असे. त्याची ताकद दाखवण्यासाठी त्याला आणखी एक सवलत होती. इतरांना दोन्ही हातांनी उचलाव्या लागणाऱ्या तलवारी तो एका हातात पेलायचा. ‘डबल स्विंग’ या कौशल्याने दोन्ही शस्त्रांचे वार पाठोपाठ बसत, आणि ‘फ्रेन्झी’मध्ये वार लागत गेले की त्याचा वेग चढत जाई. पुढच्या वर्षीच्या विस्तारात आलेली असॅसिन दोन पंजे वापरायची. तिच्याकडे त्या पंजांनी वार अडवण्याचे कौशल्य होते. डाव्या हाताच्या बचावाच्या जुन्या कामाची आठवण ठेवणारे असे थोडेच गेम आहेत. २०१३ चा ‘पाथ ऑफ एक्झाइल’ त्यातलाच. तिथे दोन शस्त्रे धरली की वेगाबरोबर वार अडवण्याची शक्यताही थोडी वाढते.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. ‘द विचर ३’ या २०१५ च्या गाजलेल्या गेममधला गेराल्ट पाठीवर दोन तलवारी वागवतो, म्हणून पुष्कळ जण त्याची गणना या पंथात करतात. त्यातली एक तलवार पोलादी, माणसांसाठी. दुसरी चांदीची, राक्षसांसाठी. लढताना त्याच्या हातात एका वेळी एकच तलवार असते.

दुसरे शस्त्र प्रत्यक्षात चालते कसे, याच्या तीन मुख्य तऱ्हा आहेत. पहिल्या तऱ्हेत खेळाडू एकच बटण दाबतो आणि पात्र आळीपाळीने उजवा-डावा वार करते. ‘डायब्लो ३’ (२०१२) असाच आहे. तिथे दोन शस्त्रे घेतल्यावर वाराचा वेग १५ टक्क्यांनी वाढतो. मारा दुप्पट होत नाही. एक वार उजव्या शस्त्राचा आणि पुढचा डाव्याचा, त्यामुळे एकूण परिणाम दोन्हींच्या सरासरीजवळ राहतो. मग दुसऱ्या शस्त्राचा खरा फायदा कोणता? त्याच्यावर कोरलेले जादुई गुण. शस्त्रे दोन असली की पात्राची ताकद किंवा वाराची धार वाढवणारे असे गुणही दोन ठिकाणांहून गोळा होतात. अशा गेममध्ये डाव्या हातातली तलवार बऱ्याचदा तलवारीपेक्षा अंगठी-ताईताचेच काम जास्त करते.

दुसऱ्या तऱ्हेत प्रत्येक हाताला स्वतंत्र बटण असते. ‘स्कायरिम’ या २०११ च्या गेमने ही पद्धत घरोघरी पोहोचवली. एरवी डाव्या हाताचे बटण दाबले की पात्र ढाल पुढे करून वार अडवते. डाव्या हातात कुऱ्हाड आली की तेच बटण कुऱ्हाड चालवते, आणि अडवणे बंद होते. ज्या बोटाने जीव वाचवायचा, तेच बोट आता वार करते. दोन शस्त्रांचा सौदा इतक्या थोडक्यात दुसऱ्या कुठल्याही गेमने समजावलेला नाही. एकहाती शस्त्रांचे कौशल्य वाढवत नेले, की ‘डुअल फ्लरी’ हा गुण दोन शस्त्रांचे वार आधी २० आणि मग ३५ टक्क्यांनी जलद करतो. पुढे ‘डुअल सॅव्हेजरी’ने दोन्ही हातांच्या जोरदार वारांना ५० टक्के जादा बळ मिळते. म्हणजे किंमत पहिल्या दिवसापासून मोजायची आणि पुरता मोबदला पात्र मुरल्यावर घ्यायचा.

तिसरी तऱ्हा सर्वांत रंगतदार आहे. दोन शस्त्रे एकत्र आली की त्यांची स्वतंत्र, तिसरीच लढण्याची शैली तयार होते. फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी कंपनीने २०१४ च्या ‘डार्क सोल्स २’ मध्ये ‘पॉवर स्टान्स’ या नावाने ती आणली. त्याआधीच्या २०११ च्या ‘डार्क सोल्स’मध्ये डाव्या हाताने वार करता येई, पण दोन्ही हातांचा एकत्र डाव नव्हता. दुसऱ्या भागात दोन शस्त्रे धरून बटण दाबून ठेवले, की पात्र पवित्रा बदलायचे आणि डाव्या बटणावर दोन्ही पाती एकदम चालायची. त्यासाठीची अट कडक होती. शस्त्र उचलायला जितकी ताकद किंवा चपळाई लागे, त्याच्या दीडपट पात्रात असावी लागे. एखाद्या तलवारीला १६ ताकद पुरत असेल, तर जोडीसाठी २४ हवी. पात्राचे हे आकडे एकेक करून, शत्रू मारून कमवावे लागतात, म्हणून वरचे ८ म्हणजे बरेच तास. शिवाय जोडवारात दमही जास्त जाई.

२०१६ च्या ‘डार्क सोल्स ३’ मध्ये कंपनीने ही पद्धत काढून टाकली. तिच्या जागी आयतीच जोडीने मिळणारी शस्त्रे दिली. ‘सेलसोर्ड ट्विनब्लेड्स’ हे त्यातले गाजलेले. खेळाडूंना त्यात मजा आली, पण स्वतःच्या आवडीची दोन शस्त्रे जुळवण्याची गंमत गेली. ती परत आली ‘एल्डन रिंग’मध्ये. फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेल्या या गेमचे दिग्दर्शन हिदेताका मियाझाकी यांचे. त्यांच्यासोबत सह-दिग्दर्शक होते युई तानिमुरा, म्हणजे ‘डार्क सोल्स २’ च्या दिग्दर्शकांपैकी एक. दीडपटीची अट इथे नाही. दोन्ही शस्त्रे साधारणपणे एकाच जातीची असली, म्हणजे कटाना या जपानी तलवारीसोबत कटाना किंवा भाल्यासोबत भाला, की पवित्रा आपोआप लागू होतो. मात्र प्रत्येक शस्त्राची स्वतःची मूळ अट पुरी झालेली असावी लागते.

या गेममधले एक उदाहरण जवळून पाहिले, की सारा हिशोब उलगडतो. सुरुवातीला खेळाडूने ‘सामुराई’ हे पात्र निवडले, तर त्याच्या उजव्या हातात उचिगाताना ही कटाना असते. ती चालवायला ११ ताकद आणि १५ चपळाई लागते. सामुराईकडे पहिल्याच क्षणी १२ आणि १५ असतात. म्हणजे तशीच दुसरी तलवार मिळाली, तर ती लगेच हातात घेता येते, आणि ती मिळतेही सुरुवातीच्याच मुलखात. लिमग्रेव्हच्या स्टॉर्महिल भागात ‘डेथटच्ड कॅटाकोम्ब्स’ नावाची भुयारी दफनभूमी आहे. तिथल्या एका प्रेताजवळ दुसरी उचिगाताना पडलेली असते. भुयारात सांगाडे आहेत आणि ते पाडल्यावर पुन्हा उठून उभे राहतात. खाली पडलेल्या सांगाड्यावर आणखी एक वार केला, की तो कायमचा थांबतो. रक्त काढण्यात नावाजलेली तलवार रक्त नसलेल्या सांगाड्यांच्या राखणीत ठेवण्यामागे गेम बनवणाऱ्यांचा खट्याळपणा असावा, असे मानायला जागा आहे.

दुसरी तलवार डाव्या हातात आली की प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवर काय बदलते? ‘आर-वन’ दाबले तर पूर्वीसारखाच उजव्या हाताचा एकटा वार होतो. ‘एल-वन’वर ढाल पुढे यायची, तिथे आता दोन्ही तलवारी चालतात. धावताना एल-वन दाबले तर जोडवार वेगळा, उडी मारून दाबले तर आणखी वेगळा. उडीतला वार सर्वांत लाडका, कारण खाली येताना दोन्ही पाती जवळजवळ एकाच क्षणी शत्रूवर उतरतात आणि त्याचा तोल ढळण्याचीही शक्यता वाढते. दुसऱ्या खेळाडूंशी समोरासमोर झुंजणाऱ्यांमध्ये या उडीतल्या जोडवाराने एके काळी इतका उच्छाद मांडला होता, की अनेकांना तो बघूनच कंटाळा येई.

आता रक्तस्रावाचा भाग. उचिगातानाचा प्रत्येक वार शत्रूच्या अंगात ४५ अंकांचा रक्तस्राव साठवतो. हा साठा शत्रूच्या सहनशक्तीच्या आकड्यापर्यंत पोहोचला, की रक्ताचा फवारा उडतो आणि त्याच्या एकूण जीवशक्तीतला एक ठरावीक हिस्सा एका झटक्यात जातो. नुकसान एकूण जीवशक्तीच्या प्रमाणात होत असल्याने शत्रू जितका मोठा, तितका फटका मोठा. एका तलवारीने २७० अंक साठवायला सहा वार लागतील. जोडवारात दोन्ही पाती लागली तर एका दाबण्यात ९०, म्हणजे तीनदा बटण दाबून काम होते. इथे वेळेला फार महत्त्व आहे. वार थांबले की साठा हळूहळू ओसरत जातो. ज्याला तीन संधींत काम साधते, त्याच्या साठ्याला ओसरायला उसंतच मिळत नाही. रक्तस्राव झाला की बळ वाढवणारे आणि लागोपाठच्या वारांनी बळ चढवणारे ताईत याच गेममध्ये आहेत. ते गळ्यात अडकवले की जोडीचा जोर आणखी वाढतो. अर्थात याला मर्यादा आहे. एकदा रक्त फुटले की मोठ्या शत्रूची सहनशक्ती पुढच्या वेळेसाठी वाढते, आणि ज्यांच्या अंगात रक्तच नाही त्यांच्यावर याचा काडीचा परिणाम होत नाही. गेमचा शेवटचा शत्रू ‘एल्डन बीस्ट’ नेमका याच गटात मोडतो.

या सगळ्यामागे एक साधे गणित आहे आणि ते जवळजवळ प्रत्येक अ‍ॅक्शन गेमला लागू पडते. चिलखत किंवा कातडीचा जाडपणा प्रत्येक वारातून आपला वाटा वेगळा कापतो. समजण्यासाठी अगदी सोपा नियम धरू. प्रत्येक वाराच्या जोरातून ३० वजा होतात. एका अवजड तलवारीचा १०० चा वार पडला, तर ७० पोहोचतात. तोच जोर ५०-५० च्या दोन वारांत वाटला, तर प्रत्येकी २० म्हणजे एकूण ४० च पोहोचतात. एल्डन रिंगचे खरे सूत्र याहून गुंतागुंतीचे आहे. तिथे वाराचा जोर आणि समोरच्याचा बचाव यांचे प्रमाण पाहिले जाते, पण कल तोच राहतो. त्यात जोडवारातला प्रत्येक सुटा फटका सहसा एकट्या तलवारीच्या फटक्यापेक्षा थोडा सौम्य ठेवलेला असतो. म्हणून हलक्या शस्त्रांची जोडी जाड चिलखताच्या शत्रूपुढे लुळी पडते.

याच्या नेमके उलट, जे काही प्रत्येक वारामागे ठरावीक मिळते ते वारांची संख्या वाढली की वाढते. रक्तस्रावाचे ४५ अंक, विषाचा साठा, तलवारीवर माखलेल्या आगीचे किंवा विजेचे जादा नुकसान, ‘प्रत्येक वारामागे इतकी जीवशक्ती परत’ अशा तऱ्हेचे गुण, ही सारी जोडशस्त्राची कमाई आहे. अनुभवी खेळाडू म्हणूनच जोडी जुळवताना तलवारीवरचा माऱ्याचा मोठा आकडा पाहून भुलत नाहीत. वारामागे मिळणारी जादा गोष्ट कोणती, ते आधी पाहतात. ज्या शस्त्राला अशी काही जोड नाही, त्याची जोडी करण्यात फारसा अर्थ नसतो. अपवाद प्रचंड शस्त्रांचा. त्यांचा एकेक फटकाच इतका जड असतो, की चिलखताने कापलेला वाटा जाणवत नाही.

प्रचंड शस्त्रांची जोडी करायला निघाले, की मात्र किंमत पुरती समोर येते. ‘ग्रेटसोर्ड’ ही एल्डन रिंगमधली पुरुषभर लांबीची तलवार ३१ ताकद मागते आणि तिचे वजन २३ आहे. हीच तलवार दोन्ही हातांनी धरली, तर पात्राची ताकद दीडपट मोजली जाते, म्हणून २१ ताकदीचा योद्धाही ती चालवू शकतो. दोन हातांत दोन घ्यायच्या तर ही सवलत जाते आणि पूर्ण ३१ कमवावे लागतात. वजन होते ४६, तेही अंगावर चिलखताचा एक तुकडा चढवण्याआधी. पात्राच्या वहनक्षमतेच्या ७० टक्क्यांवर ओझे गेले, की त्याची लोळण जड आणि मंद होते, आणि या गेममध्ये वार चुकवण्याचा मुख्य उपाय लोळण हाच आहे. ४६ चे ओझे ७० टक्क्यांच्या आत ठेवायला वहनक्षमता ६६ च्या आसपास हवी. चिलखत धरले तर त्याहून बरीच जास्त. उचिगातानाच्या जोडीचे वजन अवघे ११ भरते. जोडशस्त्र म्हटल्यावर बहुतेकांची पावले कटानांकडे वळतात, त्यामागे दिसण्याची ऐट जितकी तितकेच हे वजनाचे गणितही आहे.

दुसरा खर्च लोहाराकडचा. नेहमीच्या प्रकारातले शस्त्र एल्डन रिंगमध्ये २५ पायऱ्यांपर्यंत सुधारता येते. पहिल्या २४ पायऱ्या तीन-तीनच्या आठ टप्प्यांत विभागलेल्या आहेत. प्रत्येक टप्प्यात ‘स्मिदिंग स्टोन’ या दगडाचे २, ४ आणि ६ असे तुकडे, म्हणजे १२ लागतात. एकूण ९६, आणि शेवटच्या पायरीसाठी प्राचीन ड्रॅगनचा एक दुर्मीळ दगड. जोडीला १९२ तुकडे आणि दोन दुर्मीळ दगड. सुधारणा करताना एक तलवार पुढे आणि दुसरी मागे राहिली, तर जोडीचा अर्धा जोर वाया जातो. गेमच्या मध्यावर पोहोचेपर्यंत ही टंचाई चांगलीच जाणवते. नंतर दगड विकतही मिळू लागतात आणि ओढाताण संपते.

तिसरी किंमत दमाची. पडद्यावरची हिरवी पट्टी जोडवारात झपाट्याने रिकामी होते. लोळण घ्यायलाही तीच पट्टी लागते. नवखा खेळाडू बॉसची, म्हणजे मोठ्या शत्रूची, पाठ दिसली की एल-वन दाबतच सुटतो, चौथ्या-पाचव्या वाराला पट्टी संपते, बॉस वळतो आणि पात्र तिथेच उभे राहते. बहुतेक मरणे अशीच येतात. ढाल नसल्याने चुकीची दुरुस्ती करायला काही उरत नाही. वार अडवून लगेच उलटा जोरदार फटका देण्याचा ‘गार्ड काउंटर’ हा एल्डन रिंगचा सोपा आणि प्रभावी डाव आहे, पण तो आधी अडवता आले तरच जमतो. जोडशस्त्राच्या पवित्र्यात त्याला मुकावे लागते.

जोडशस्त्रांची आणखी एक शाखा आहे. काही शस्त्रे वस्तू म्हणून एकच असतात, पण दोन्ही हातांनी धरली की दुभंगून दोन होतात. एल्डन रिंगमध्ये राडान या सेनापतीला हरवल्यावर मिळणारी ‘स्टारस्कर्ज ग्रेटसोर्ड’ अशीच आहे. इथे सुधारणेचा खर्च एकाच शस्त्राचा, पण दोन हातांनी धरल्यावर मिळणारी दीडपट ताकदीची सवलत मिळत नाही, कारण तांत्रिकदृष्ट्या प्रत्येक हात स्वतःची तलवार पेलत असतो. ‘मॉन्स्टर हंटर’ मालिकेतल्या ‘ड्युअल ब्लेड्स’चा बाज निराळा आहे. तिथे ‘डेमन मोड’ सुरू केला की शिकारी वाऱ्यासारखा तुटून पडतो, पण त्या अवस्थेत दम सतत गळत राहतो. ‘निओह’ मालिकेत दोन तलवारींचा स्वतंत्र शस्त्रवर्ग आहे, आणि वरचा, मधला व खालचा अशा तीन पवित्र्यांत त्यांची चाल बदलते.

‘ब्लडबोर्न’ (२०१५) हा फ्रॉमसॉफ्टवेअरचाच गेम मात्र रेपिअर आणि खंजिराच्या जुन्या जोडीला सर्वांत जवळचा आहे, आणि तो ओळखला जातो भलत्याच गोष्टींसाठी. त्यात शिकाऱ्याच्या उजव्या हातात करवतीसारखे शस्त्र आणि डाव्या हातात पिस्तूल असते. पिस्तुलाने शत्रू फारसा मरत नाही. त्याचा वार अंगावर येत असतानाच नेमक्या क्षणी गोळी झाडली, तर तो गुडघ्यावर येतो आणि उजव्या हाताला प्राणघातक वाराची संधी मिळते. डावा हात अडवतो, उजवा मारतो. सतराव्या शतकातल्या तलवारबाजाला हे पाहून काहीच नवल वाटले नसते.

जोडशस्त्र कुणी घ्यावे? ज्याला शत्रूच्या हालचाली पाठ करण्याचा आणि लोळणीवर विसंबून राहण्याचा कंटाळा नाही, त्याला ही पद्धत भरभरून देते. मोठ्या बॉसच्या दोन हल्ल्यांमधली फट फार छोटी असते, आणि तेवढ्यात जास्तीत जास्त फटके बसवण्यात जोडीचा हात धरणारे क्वचितच काही सापडेल. जो पहिल्यांदाच असा गेम खेळतो आहे, त्याने आधी ढालीचे दिवस काढावेत, शत्रू कधी थांबतो ते ओळखायला शिकावे आणि मग डावा हात मोकळा करावा. भुयारातली दुसरी उचिगाताना कुठे पळून जात नाही. आणि ती घेतल्यावरही एखादा शत्रू आवरत नसेल, तर ‘ट्रँगल’सोबत ‘आर-वन’ दाबून उजवी तलवार दोन्ही हातांनी धरावी. ताकद दीडपट मोजली जाते आणि एल-वन पुन्हा वार अडवू लागते.